सरकारी नोकर, प्रादेशिक सेना आणि पगारी रजा : पार्श्वभूमी

प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी) म्हणजे आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून गरजेला लष्करी सेवा करणाऱ्या नागरिकांची सेना. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना या सेनेतले अधिकारी आणि जवान सेवेवर बोलावण्याचे अधिकार दिले. आधार होता प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधल्या ३३ व्या नियमाचा. या सेनेच्या पायदळाच्या ३२ पलटणींपैकी १४ सेवेवर बोलावता येतील आणि आदेश ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत लागू राहील, असे त्यात होते. ग्वाल्हेर हे नोकरदारांचे गाव. महालेखापालांचे कार्यालय, रेल्वे, केंद्राची इतर खाती, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेली मराठी घरे. अशा घरांत देशभक्तीबरोबरच लगेच दुसरा हिशेब सुरू होतो : नोकरी टिकेल ना, पगार कोण देणार, आणि वेतनवाढ चुकणार तर नाही?

वर्षातले काही महिने शिपाईगिरी आणि बाकीचे घरचे काम, ही रीत मराठ्यांना नवी नव्हती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे, पावसाळ्याला परतायचे. शिलेदार तर घोडाही स्वतःचाच आणायचा. पगार तुंबायचे, त्यावरून सरदारांच्या दारात धरणीही धरली जायची. पण रजेचा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण मागे राहिलेले शेत स्वतःचे होते. रजा मागायला वरती साहेब असावा लागतो. दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या तळाभोवती ग्वाल्हेरातले लष्कर हे शहर वसले, आणि त्याच शहरात पुढे फौजेपेक्षा कचेऱ्या वाढल्या.

ग्वाल्हेर संस्थानाच्या स्वतःच्या पलटणी होत्याच. १९१४ च्या नोव्हेंबरात पूर्व आफ्रिकेतल्या टांगाच्या मोहिमेत ग्वाल्हेरच्या पायदळाची तुकडी होती. पण ते पूर्णवेळ शिपाई. आपल्या विषयाचा, म्हणजे नोकरी सांभाळून केलेल्या शिपाईगिरीचा, धागा ब्रिटिश हिंदुस्थानात सापडतो. १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स उभी राहिली. १९२० मध्ये तिच्या जागी दोन वेगळे कायदे आले. गोरे आणि अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ऑक्झिलरी फोर्स, हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स. ग्वाल्हेरवरून जाणाऱ्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची स्वतःची रेजिमेंट ऑक्झिलरी फोर्समध्ये होती. म्हणजे आगगाडी चालवणाऱ्याच्याच हाती बंदूक देण्याची कल्पना स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीची.

स्वातंत्र्यानंतर प्रादेशिक सेना कायदा १९४८ मध्ये झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. मूळ कल्पना साधी : माणूस आपला धंदा किंवा नोकरी सांभाळेल, वर्षाकाठी ठरलेले प्रशिक्षण घेईल, संकटकाळी बोलावले की येईल. अडचणही तितकीच उघड होती. बोलावणे आले आणि मालकाने जागा दुसऱ्याला दिली तर? यावर पुढे दुरुस्तीने कलम ७-अ आले. लष्करी सेवेहून परतलेल्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. न घेतल्यास भरपाई द्यायची, पण ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी. कलम ७-ब ने भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क राखले. सहा महिन्यांची ही मर्यादा मला नेहमीच तोकडी वाटत आली आहे. मोठ्या कारखानदाराच्या खिशाला त्याने काय चाट बसणार?

आणि मुख्य म्हणजे, नोकरी परत देण्याची सक्ती झाली, गैरहजेरीच्या काळातला पगार देण्याची नाही. तो भार सरकारने फक्त स्वतःच्या नोकरांपुरता उचलला. त्यांची लष्करी सेवा वेतनवाढीला आणि निवृत्तिवेतनाला धरली जाते. लष्करी पगार मुलकी पगारापेक्षा कमी पडला, तर फरकाची सोय खात्याकडून होते. नागरिकांची म्हणवली जाणारी ही सेना सरकारी नोकराला परवडते आणि छोट्या दुकानातल्या कामगाराला जड जाते, त्यामागे हा फरक आहे.

पण सरकारचे हे औदार्य निव्वळ औदार्य नव्हते. रेल्वे आणि तेल क्षेत्रात खातेनिहाय तुकड्या उभारल्या गेल्या, त्या युद्धात गाड्या आणि इंधन चालू राहावे म्हणून. तुकडी सेवेवर आली की तिच्यातल्या माणसाला लष्करी कायदा लागतो. मे १९७४ च्या रेल्वे संपात याचा अर्थ कळला. एरवी संघटनेचा सभासद असलेला कर्मचारी रेल्वेच्या प्रादेशिक तुकडीत असेल, तर त्याला गणवेशात त्याच गाड्या चालवायला उभे करता येत होते. हुकूम मोडला तर प्रकरण खात्याच्या चौकशीवर थांबणारे नव्हते. म्हणजे जो मालक नोकराला सैनिकी सेवेसाठी मोकळे सोडत होता, त्यालाच त्या सेवेचा संपाविरुद्ध उपयोग होत होता. खाजगी मालकाला ही सोय कधीच नव्हती, मग त्याने उत्साह तरी का दाखवावा?

प्रादेशिक सेनेतल्या रेल्वेच्या सहा रेजिमेंटांपैकी पाच बंद करण्याचा निर्णय अलीकडे झाला. राहिली ती जमालपूरची. बंद होणाऱ्यांत झाशीची आहे, आणि ग्वाल्हेर स्टेशन झाशी विभागातच येते. इथल्या रेल्वे कर्मचाऱ्याला जवळची ती वाट आता उरलेली नाही. प्रादेशिक सेनेत अधिकारी व्हायचे तर इतरांप्रमाणे परीक्षा आणि मुलाखत. आणि सरकारी नोकराला त्यासाठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागतेच.