माणूस कामात असणं आणि काम पुढे सरकणं

लीन व्यवस्थापन, म्हणजे कामातलं वाया जाणारं सगळं काढून टाकण्याची टोयोटातून आलेली पद्धत, राबवायचं ठरलं की पहिली नजर जाते ती रिकाम्या बसलेल्या माणसाकडे. मशीन बंद का आहे? त्या टेबलावरचा माणूस दहा मिनिटं मोकळा कसा? दोन ऑपरेशनांच्या मध्ये एवढं अंतर कशाला? लीन म्हणजे प्रत्येकाचा मिनिटन् मिनिट भरून काढणं, हा समज कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे घट्ट बसलेला आहे. लीन फसण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. साधनं कामात असणं ही एक गोष्ट आणि काम न अडता पुढे सरकणं ही दुसरी. एक वाढवली की दुसरी आपोआप वाढेल असं आपण धरून चालतो, आणि पुष्कळदा घडतं नेमकं उलटं.

पहिल्या गोष्टीत आपण माणसाकडे किंवा यंत्राकडे पाहतो: आठ तासांच्या पाळीत हात किती वेळ चालू होते? दुसऱ्या गोष्टीत कामाकडे पाहतो: काम आल्यापासून निकाली निघेपर्यंत जेवढा काळ गेला, त्यातला किती वेळ त्या कामावर खरोखर कुणाचा हात होता?

विमा दाव्याची एक फाईल घेऊ. ती पाच टेबलांवरून जाते आणि प्रत्येक टेबलावर तिला दहा मिनिटं लागतात, म्हणजे एकूण काम पन्नास मिनिटांचं. समजा प्रत्येक टेबलावर कायम ४८ फाईलींचा ढीग असतो. आठ तासांत एक माणूस ४८ फाईली हातावेगळ्या करतो, त्यामुळे आपली फाईल प्रत्येक टेबलावर एक दिवस पडून राहते आणि पाच दिवसांनी बाहेर पडते. कामाच्या चाळीस तासांपैकी पन्नास मिनिटं, म्हणजे जेमतेम २ टक्के वेळ तिच्यावर काम झालं. पाचही माणसं मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर न करता राबत होती. साहेबांच्या तक्त्यात शंभर टक्के, दावेदाराच्या नजरेत पाच दिवसांचा खोळंबा. आकडे दोन्ही खरे आहेत.

आता प्रत्येक ढीग आठ फाईलींवर आणा. व्यवस्थेत एकूण ४० फाईली राहिल्या आणि रोज ४८ बाहेर पडताहेत, म्हणजे फाईल एका दिवसाच्या आत सुटते. कुणी हात भरभर चालवले नाहीत, नवा संगणकही आणला नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलेला नियम एवढंच सांगतो: आत अडकलेली कामं भागिले बाहेर पडण्याचा वेग, तेवढा सरासरी वेळ. ढीग लहान झाल्यावर कधीतरी एखादं टेबल पाच-दहा मिनिटं रिकामं राहील, हे खरं. तेच आपल्या डोळ्यांत खुपतं. पडून राहिलेली फाईल कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

त्या रिकाम्या मिनिटांची भीती किती महागात पडते, हे रांगेच्या गणितात दिसतं. कामं अनियमित येत असतील, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल आणि करणारा एकच असेल, तर साधं सूत्र असं आहे: तो माणूस निम्मा वेळ कामात असला की नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं. तो ८० टक्के भरला की चौपट, ९० टक्के भरला की नऊपट आणि ९५ टक्के भरला की एकोणीसपट. शेवटचे पाच-दहा टक्के पिळून काढायला गेलं की रांग दाराबाहेर जाते, ती अशी.

ज्यांच्याकडून हे सगळं जगाने उचललं, त्या टोयोटात याची जाण पहिल्यापासून होती. तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले आणि त्यांत सगळ्यात वाईट ठरवलं ते गरजेपेक्षा जास्त उत्पादन. पुढच्या टप्प्याकडून मागणी आली नसेल तर मशीन थांबलेलं बरं. नुसतं चालू दिसावं म्हणून चालवलेलं मशीन साठा वाढवतं आणि दोष त्या साठ्याखाली झाकले जातात. दोष दिसला की कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची, ही पद्धतही त्यातलीच. आणखी एक उदाहरण तिथलंच. पत्र्याला आकार देणाऱ्या हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत होते. चार तास मोडतात म्हटल्यावर कुणीही एकाच भागाचा मोठा लॉट काढून ठेवणार, प्रेस कामात दिसणार आणि आवार अर्धवट मालाने भरणार. सल्लागार अभियंते शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला. पुढच्या साच्याची जोडाजोड प्रेस चालू असतानाच उरकून घ्यायची, ही त्यातली कळीची युक्ती. लॉट लहान करण्याचं धाडस मग परवडू लागलं.

कारखान्याबाहेर मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. मागणीतले चढउतार कुठेतरी झेलावे लागतातच. ते झेलायला तीनच जागा असतात: तयार साठा, गिऱ्हाइकाचा वेळ किंवा हाताशी राखलेली मोकळी क्षमता. कारखाना थोडाफार माल साठवू शकतो. झालेली शस्त्रक्रिया कपाटात ठेवता येत नाही. म्हणून सेवाक्षेत्रात दोनच पर्याय उरतात: माणसं ताटकळत ठेवा, नाहीतर क्षमता थोडी मोकळी ठेवा.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात स्प्रिंगफील्ड इथल्या सेंट जॉन्स रुग्णालयाची हकिगत याच कारणासाठी मला मोलाची वाटते. तिथे ३२ ऑपरेशन थिएटरं आणि वर्षाला ३० हजारांहून जास्त शस्त्रक्रिया. थिएटरं पूर्ण भरलेली. अचानक कुणी गंभीर रुग्ण आला की ठरलेलं वेळापत्रक कोलमडायचं, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जायच्या, डॉक्टर आणि परिचारिका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उभ्या. २००२ साली सल्ला मिळाला तो ऐकून कुणीही चमकलं असतं: एक थिएटर फक्त अचानक येणाऱ्या रुग्णांसाठी राखून ठेवा. आधीच जागा नाही, त्यात एक खोली मोकळी ठेवायची? शल्यविशारदांचा विरोध समजण्यासारखा होता. तरी प्रयोग झाला, आणि एकूण शस्त्रक्रिया सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्या. दुपारी तीननंतर होणाऱ्या शस्त्रक्रिया ४५ टक्क्यांनी घटल्या. यामागचं कारण साधं आहे. आज कोण येईल हे कुणालाच माहीत नसतं, पण रोज काही जण येणारच, हे पक्कं माहीत असतं. त्यांची सोय वेगळी केल्यावर बाकीच्या ३१ थिएटरांचं वेळापत्रक वेळापत्रकासारखं चालू लागलं.

बांधकामात हा गोंधळ वेगळं रूप घेतो. तिथे प्रत्येक ठेकेदार आपापली टोळी रिकामी बसू नये म्हणून जिथे जागा दिसेल तिथे काम सुरू करतो. गवंडी पुढे, वायरिंगवाले मागे, मग केलेली भिंत पुन्हा फोडा. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी साइटवर मोजून पाहिलं, तेव्हा आठवड्याच्या नियोजनातली निम्म्याहून थोडीच जास्त कामं ठरल्याप्रमाणे पुरी होत होती. त्यांनी सुचवलेली शिस्त अशी की आधीचं काम, साहित्य, नकाशे असं सगळं हाताशी असल्याशिवाय ते काम आठवड्याच्या यादीत घ्यायचंच नाही, आणि वचन द्यायचं ते प्रत्यक्ष टोळी चालवणाऱ्याने. सॉफ्टवेअरमध्येही हेच: चाचणी अडली म्हणून प्रोग्रॅमर नवं काम उघडतो, आणि अर्धवट कामांची रास वाढते. म्हणून तिथे कुठलं काम कुठल्या टप्प्यावर आहे हे दाखवणाऱ्या फलकाच्या प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामं असावीत यावर मर्यादा घालतात.

मग साधनं भरलेली ठेवणं नेहमीच चूक का? मुळीच नाही. सपाट काच बनवणारी फ्लोट भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं अखंड चालते. ती थांबवण्याची किंमत इतकी मोठी की तिथे भट्टी आधी आणि बाकी सगळं नंतर. झोतभट्टी, सिमेंटची भट्टी, तेलशुद्धीकरण ही सगळी त्याच जातीची. साधन प्रचंड महाग आणि काम एकसारखं असेल, तर पहिल्या गोष्टीला, म्हणजे साधन कामात ठेवण्याला, मान द्यावाच लागतो. विमानाचंही तेच, पण तिथे एक गंमत आहे. १९७२ साली साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीला चारपैकी एक विमान विकावं लागलं. उरलेल्या तीन विमानांत तेच वेळापत्रक चालवायला त्यांनी उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवण्याची पद्धत बसवली. विमानांचा पुरेपूर वापर झाला खरा, पण तो साधला विमानतळावरचा खोळंबा काढून. प्रवाह सुधारला आणि वापर त्याच्या मागोमाग आला.

आपल्याकडे घोडं कुठे अडतंय हे शोधायचं असेल तर माणसाच्या मागे घड्याळ घेऊन फिरू नका, कामाच्या मागे फिरा. एक फाईल, एक रुग्ण किंवा एक ऑर्डर निवडा आणि ती प्रत्येक ठिकाणी कधी पोचली, हात कधी लागला, कधी सुटली हे लिहून काढा. बहुतेक वेळ दोन टेबलांच्या मधल्या जागेत जातो, आणि ती जागा कुठल्याच विभागप्रमुखाच्या अहवालात नसते.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवावी लागते: प्रवाह सुधारल्यावर जी माणसं मोकळी होतील, त्यांचं काय? पुढच्याच महिन्यात त्यांना घरी पाठवलं, तर तिथून पुढे कुणीही आपल्या टेबलावरचा खोळंबा दाखवायला येणार नाही, ढीगच जपून ठेवेल. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्राने २००२ साली टोयोटाची पद्धत स्वीकारली, तेव्हा या सुधारणांमुळे कुणाची नोकरी जाणार नाही असं धोरणही त्यांनी सोबत ठेवलं होतं.