वाढते तट्टू आणि लांब पायांचा स्वार : खोगीर घेण्यापूर्वी

अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या आमच्या ग्राहकांपैकी अनेकांची अडचण एकसारखीच असते. घरी तीन-साडेतीन वर्षांचे तट्टू असते, त्याच्यावर बसणारा मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, अंगाने सडपातळ पण पायांनी लांब असते, आणि दोघांनाही चालेल असे एकच खोगीर हवे असते. असे खोगीर मिळू शकते. मात्र त्याची लांबी तट्टाच्या पाठीवरून ठरवावी आणि स्वाराच्या पायांची सोय फ्लॅपमध्ये, म्हणजे मांडीखाली येणाऱ्या बाजूच्या चामड्यात, करून घ्यावी. दुकानात बहुधा याच्या उलट होते.

सर्वांत आधी वजनाचा हिशेब करावा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. अडीचशे किलोच्या तट्टासाठी ही मर्यादा खोगिरासकट पन्नास किलो होते आणि कोवळ्या वयात ती आणखी खाली धरलेली बरी. चामड्याचे खोगीरच सहा ते नऊ किलोंचे असते, हे लक्षात घेता स्वाराचे वजन चव्वेचाळीस किलोंपुढे गेले असेल, तर खोगीर न घेता मोठे जनावर पाहावे, असे आम्ही सांगतो, मग विक्री झाली नाही तरी चालेल.

घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साधारण साडेपाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत चालू असते. तोवर ती पाठ सारखी आकार बदलते. काही महिने पुठ्ठा, म्हणजे शेपटीकडचा मागचा भाग, खांद्यापेक्षा उंच होतो आणि खोगीर पुढे घसरू लागते. नंतर खांदे भरतात आणि तेच खोगीर खांद्यांशी आवळते. कपडे वाढत्या अंगाचे शिवता येतात, खोगीर तसे घेता येत नाही, कारण सैल खोगीर आयाळ संपते तेथील उंचवट्यावर टेकते आणि ते उचलण्यासाठी खाली नमद्यावर नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड घडी, घातला की खोगीर डुलू लागते. म्हणूनच तीन वर्षांच्या तट्टासाठी मापाचे महागडे खोगीर बनवून घेऊ नये. ज्याच्या सांगाड्याची, म्हणजे खोगिराच्या आतल्या कडक चौकटीची, पुढची कमान बदलता येते आणि ज्याच्या तळगाद्यांत फोमऐवजी लोकर भरलेली असते, असे मध्यम किमतीचे खोगीर घ्यावे व उरलेले पैसे दर तीन-चार महिन्यांच्या तपासणीसाठी आणि भरती दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावेत.

माप घरीच घेता येते. तट्टाला सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभे करावे. वाकवल्यावर आकार धरून ठेवणारी जाड तार खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटांवर पाठीवर दाबून बसवावी आणि ती तशीच उचलून तिच्या आतल्या बाजूची रेघ जाड कागदावर ओढावी. पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी हेच पुन्हा करावे, कागदावर तारीख घालावी आणि कागद जपून ठेवावा. पुढच्या खेपेस दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या की बदल ताबडतोब दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडे बहुतेक तट्टे बसून असतात, हिरव्या गवताने पोट सुटते आणि पाठीचे स्नायू मात्र उतरतात. त्यामुळे जूनपूर्वीच्या मापावर दिवाळीच्या सुमारास खोगीर घेऊ नये.

स्वाराचे माप घेताना लोक उंची सांगतात, पण उंचीचा उपयोग थोडा. बैठकीसाठी मांडीची लांबी लागते, म्हणजे खुर्चीवर ताठ बसून कमरेच्या मागच्या टोकापासून गुडघ्यापर्यंतचे अंतर. गुडघ्याखालच्या पायावरून केवळ फ्लॅपची आणि रिकिबीच्या वादीची लांबी ठरते. मांडी लांब असली आणि फ्लॅप सरळ खाली उतरणारा असला, की गुडघा फ्लॅपच्या पुढे निघतो, स्वार मागे सरकतो आणि त्याचा सगळा भार खोगिराच्या मागच्या कडेवर, तट्टाच्या कमरेकडे जातो. अशा वेळी विक्रेता साडेसतरा-अठरा इंची बैठक पुढे करतो. ती स्वाराला आरामशीर वाटते, पण आखूड पाठीच्या तट्टावर तिचे मागचे टोक शेवटच्या बरगडीपलीकडे जाते आणि तेथे भार घ्यायला खाली बरगडीचा आधार नसतो. त्याऐवजी सोळा-साडेसोळा इंचांची, कमी खोल बैठक घ्यावी, तिला पुढे झुकलेला लांब फ्लॅप असावा आणि गुडघ्याचे टेकू काढता येणारे असावेत. सपाट बैठकीत तेवढ्याच लांबीत जागा जास्त मिळते, हे बसून पाहिल्यावरच पटते. फ्लॅप खांद्यावर आला तरी हरकत नाही, सांगाड्याची टोके मात्र खांद्याच्या हाडामागेच राहिली पाहिजेत.

खोगीर प्रथम नमद्याविना ठेवून पाहावे. स्वार बसल्यावरही पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटे जावीत आणि मधल्या पन्हळीतून मागून पाहिल्यास उजेड आरपार दिसावा. त्यानंतर अर्धा तास चालवून, घाम आल्यावर, खोगीर उतरवावे. पाठ दोन्ही बाजूंना सारखी ओली असेल तर ठीक. ओल्या केसांत खांद्यामागे रुपयाच्या नाण्याएवढा कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब इतका आहे की घामही सुटलेला नाही, असे समजावे. त्याच जागी पुढे पांढरे केस येतात आणि ते सहसा जात नाहीत. गोल अंगाच्या, खांद्याचा उंचवटा नसलेल्या तट्टाला खोगीर पुढे सरकू नये म्हणून दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लावावी लागते. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, अधिक आवळणे हा त्यावर उपाय नव्हे.

किनाऱ्यावर चामडे की सिंथेटिक, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाढत्या तट्टासाठी आम्ही सिंथेटिक सुचवतो. ते हलके असते, पुळणीवरून आल्यावर गोड्या पाण्याने पुसता येते आणि पावसाळ्यात त्याला चामड्याइतकी बुरशी धरत नाही. रिकिबी मात्र स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, कारण खारा वारा साध्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही.

जुने खोगीर घेत असाल तर पुढची कमान मांडीवर टेकवून मागचा भाग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून पाहावा. बैठकीवर आडवी घडी पडली किंवा आतून करकर ऐकू आली, तर सांगाडा मोडलेला असण्याची शक्यता आहे. शंका असल्यास पैसे देण्यापूर्वी खोगीर आमच्याकडे आणावे. अशा तपासणीचे आम्ही काही घेत नाही.