सिगारेटचा धूर पोटातही पोचतो

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला की सिगारेट ओढणाऱ्याला हायसं वाटतं. जठराचा विचारही मनात येत नाही. धूम्रपानाने जठराचा कॅन्सर होतो, हा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने काढला आहे आणि सर्जन जनरल या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या २००४ च्या अहवालानेही. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हा धोका साधारण दीडपट असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पंधरा-तीस पटींपुढे आकडा लहान दिसतो खरा, पण जठराचा कॅन्सर बहुतेकदा उशिरा लक्षात येतो, म्हणून मला तो लहान वाटत नाही.

धूर तिथवर जातो कसा? धुरातली रसायनं लाळेत विरघळतात आणि लाळ आपण दिवसभर गिळत असतो. उरलेली फुप्फुसांतून रक्तात उतरतात आणि रक्तावाटे जठरात येतात. नायट्रोसमाइन, बेन्झोपायरीन यांसारखी द्रव्यं पेशीतल्या डीएनएला चिकटतात. तशा खुणा धूम्रपान करणाऱ्यांच्या जठराच्या अस्तरात सापडल्या आहेत. शिवाय अस्तराचा रक्तपुरवठा घटतो आणि आम्लापासून वाचवणारा चिकट थर दुबळा होतो.

त्यात भर पडते हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. मार्शल यांनी तर स्वतः तो जंतू पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती! आपल्याकडे हा जंतू असंख्य लोकांच्या पोटात असतो. वर्षानुवर्षं सूज राहते, अस्तर झिजतं, पेशींचं रूप पालटतं आणि काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. सिगारेट या वाटेवर रेटा देते, शिवाय जंतू मारायची औषधंही ओढणाऱ्यांमध्ये जास्त वेळा फसतात.

म्हणूनच पुण्यातल्या टपऱ्यांवरची सकाळ मला बेचैन करते. हिंजवडी असो की फर्ग्युसन रस्ता, नाश्त्याचा पत्ता नाही, एका हातात कटिंग, दुसऱ्यात सुटी सिगारेट (तिच्या विक्रीला राज्यात २०२० पासून बंदी आहे), आणि जळजळ झाली की शेजारच्या मेडिकलमधून गोळी. गोळीने जळजळ थांबते, आतली झीज दिसत नाही. चार घासांत पोट भरणं, वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौचाला होणं, रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर पोटाच्या डॉक्टरांना गाठून दुर्बिणीची तपासणी करून घ्या. सिगारेट सोडल्यावर हा धोका वर्षागणिक उतरत जातो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे.