बंदुकीच्या नळीतलं मीठ

थ्री-नॉट-थ्रीतून जुन्या काडतुसांच्या वीसेक फैरी झाडल्या, तेलाची चिंदी नळीतून दोनदा ओढली आणि रायफल कपाटात ठेवून दिली. आठ दिवसांनी नळी उजेडाकडे धरली तर आतून तांबूस दिसते. अशा वेळी दोष तेलाला दिला जातो. खरं तर तेलाखाली मीठ राहिलेलं असतं.

काडतुसाच्या बुडाला टोपी असते. फायरिंग पिन आदळली की टोपीतलं मिश्रण भडकतं आणि त्याची ठिणगी काडतुसातल्या दारूला लागते. जुन्या लष्करी टोप्यांच्या या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. जळताना त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड, बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात मिसळतात तेच. त्याची बारीक पूड नळीच्या खाचांत, बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) तोंडावर आणि नळीच्या टोकाशी बसते. हवेतली आर्द्रता ८४ टक्क्यांच्या वर गेली की ही पूड हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळते. कोकणातल्या पावसाळ्यात ही वेळ रोजच येते. त्या खारट थेंबातले क्लोराइडचे आयन पोलादावरचा संरक्षक थर फोडतात. त्याहून कोरड्या हवेतही गंज चढतो, फक्त सावकाश.

आधी यासाठी बिनधुराच्या दारूलाच जबाबदार धरत. तिच्यातून आम्ल सुटतं, ते नळीच्या पोलादात मुरतं आणि मग नळीला ‘घाम फुटतो’, असा समज होता. १९२२ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या विल्बर्ट हफ यांनी खरा गुन्हेगार दाखवून दिला: टोपीतून आलेलं पोटॅशियम क्लोराइड. म्हणूनच ‘अमोनियाने क्षार मारा’ हा आजही ऐकू येणारा सल्ला चुकीचा आहे. मीठ म्हणजे आम्ल नव्हे, त्यामुळे त्यात मारण्यासारखं काही नसतंच. अमोनियाच्या द्रावणाने नळी स्वच्छ होते ती त्यातल्या पाण्यामुळे.

मीठ तेलात विरघळत नाही. रॉकेलमध्येही नाही. पाण्यात मात्र २० अंशाला १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३४ ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ५० ग्रॅमच्याही वर. खात्री करायची तर दोन खिळे मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. एक तसाच तेलात घोळवा, दुसरा गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून मग तेलात घोळवा. दोन्ही न्हाणीघरात ठेवून आठवड्याने पाहा.

आता नंबर १ मार्क ३ ली-एनफिल्डची, म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलीची, सफाई. फैरी झाडल्या त्याच दिवशी ती करायची. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची बोट घालून खात्री करा. मग बोल्टचं डोकं वर उचला आणि बोल्ट बाहेर घ्या. तो त्याच रायफलीला बसवलेला असतो, दुसऱ्या रायफलीच्या बोल्टशी अदलाबदल होऊ देऊ नका.

नळीचं तोंड खाली करून बादलीत धरा. नरसाळ्याला रबरी नळी लावून ती चेंबरमध्ये घट्ट बसवा आणि दीड-दोन लिटर उकळतं पाणी ओता. पूर्वी ब्रिटिश सैनिक हेच करत. घाई इथे नडते. या रायफलीची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात असते आणि बाजूने सांडलेलं पाणी लाकूड व पोलाद यांच्यामध्ये शिरलं तर जिथे नजर पोचत नाही तिथे गंज धरतो. पाणी उकळतंच हवं, कारण नळी इतकी तापते की आतला ओलावा बराचसा आपोआप उडून जातो. हात लाकडावरच ठेवा.

मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोराला, चार बाय दोन इंचांची फ्लॅनेलची चिंदी लावून तीन-चार वेळा ओढा. दोर सरळ ओढायचा. तिरका ओढला तर तो नळीच्या तोंडाची कड झिजवतो आणि नेम बिघडतो. चिंदी कोरडी निघाली की पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने काजळी काढा. हे काम पाण्याच्या नंतरचंच, सॉल्व्हंट पाण्याची जागा घेत नाही. शेवटी चिंदीवर तीन-चार थेंब तेल. बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) आणि फायरिंग पिनचं भोक गरम पाण्यात भिजवलेल्या ब्रशने घासा, पुसा, तेल लावा. बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते.

काडतूस चकचकीत आहे म्हणून टोपी निर्धोक ठरत नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं बनत आणि त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असत. ती असोत वा आणखी कुठली, जुना लष्करी माल क्लोरेटचाच धरून चालावं. क्लोरेटऐवजी शिशाचं स्टिफ्नेट वापरलेल्या टोप्या हे क्षार सोडत नाहीत, पण जुन्या खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पाणी उकळायला ठेवावं.

दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी चिंदी नळीतून ओढा. काळपट निघाली तर ती काजळी. तांबूस निघाली तर खड्ड्यांत मीठ अडकलंय: पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा ब्रश, पुन्हा तेल. आणि पुढच्या फैरीआधी नळीतलं तेल कोरड्या चिंदीने पुसून घ्या.