पिक-काउंटर बोर्डचा प्रोग्रॅम स्वतः बदलणाऱ्या ग्राहकांसाठी

सोलापुरी टॉवेल-चादरीच्या मागांवर पिक (आडव्या धाग्याची एकेक फेक) मोजायला बनवलेल्या आमच्या बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ ही चिप आहे. तिच्यात पिन, टायमर, सिरियल पोर्ट या सगळ्यांना मेमरीचेच पत्ते दिलेले आहेत. ठरलेल्या पत्त्यावर आकडा लिहिला की रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो. मात्र हा पत्ता रॅमचा नव्हे. लिहिलं तेच परत वाचायला मिळेल असं धरून चालू नका.

रिले पोर्ट एच्या ५ नंबरच्या पिनवर आहे, दोन मागांचे सेन्सर ६ आणि ७ वर. आधी पोर्टचं क्लॉक (पोर्ट ज्यावर चालतो तो ठोका) चालू करा: हेक्स (१६ च्या पायातला पत्ता) ४००२१०१८, तिथला बिट २. हे करायचं राहिलं तर पुढचं लिहिलेलं सगळं वाया जातं, आणि एररही येत नाही. मग हेक्स ४००१०८०० मधले २० ते २३ एवढेच बिट बदलून तिथे २ भरा, म्हणजे ५ नंबरची पिन आउटपुट होते. रिले ओढायला हेक्स ४००१०८१० च्या बिट ५ मध्ये १ लिहा, सोडायला तिथेच बिट २१ मध्ये.

या पत्त्यांच्या पॉइंटरला व्होलाटाइल (दर वेळी खरंच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावाच. नाहीतर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची सेटिंग) चढवल्यावर कंपायलर पिन एकदाच वाचतो आणि वाट पाहणारा लूप कायमचा अडकतो. ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या डीबगमध्ये मात्र सगळं सुरळीत दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पिक कमी भरण्याचा. ५ ते ९ या पिनांच्या लाइनींना इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हाक) एकच आहे, आणि आपले दोन्ही सेन्सर त्यातच येतात. कोणता सेन्सर आला हे हेक्स ४००१०४१४ सांगतं, आणि तिथल्या ज्या बिटवर १ लिहाल तो पुसला जातो. पहिल्या मागाचा पिक मोजून तुम्ही |= ने (आधीचं वाचून त्यात भर घालून परत लिहिणं) बिट ६ लिहिला आणि त्याच क्षणी बिट ७ सुद्धा १ असला, तर वाचलेले दोन्ही १ परत लिहिले जातात. दुसऱ्या मागाचा पिक मोजण्याआधीच पुसला गेला! म्हणून = वापरून फक्त ६४ (म्हणजे बिट ६) लिहा, दुसऱ्यासाठी १२८ (बिट ७). दोन्ही माग एका लयीत आले की पिक जास्त हुकतात, त्यामुळे एकच माग लावून तपासलं तर ही चूक सापडत नाही.

रिले चालत नसेल तर बोर्ड आमच्याकडे आणण्याआधी डीबगरने प्रोग्रॅम थांबवून हेक्स ४००१०८०० वाचा. सेन्सरच्या पिनांना हात लावला नसेल तर ४४२४४४४४ दिसायला हवं. नुसतं ० दिसलं तर क्लॉक बंद आहे. ४४४४४४४४ म्हणजे पिन आउटपुट झालीच नाही. क्लॉकच्या आधी लिहिलंत का ते बघा. ००२००००० आलं तर अख्ख्या रजिस्टरवर लिहिलं गेलंय: सेन्सरच्या पिना ॲनालॉग झाल्या, त्या आता पिक वाचणार नाहीत.