बाईकची ऑफ-सीझन देखभाल (ठाणे आणि नवी मुंबई)

ज्या महिन्यांत गाडी कमी चालते किंवा उभीच असते त्या महिन्यांत तिची घेतलेली काळजी, आणि हाताशी वेळ आहे म्हणून त्यातच उरकलेली दुरुस्ती आणि बदल, याला ऑफ-सीझन देखभाल म्हणतात. युरोप-अमेरिकेच्या थंड भागात हा काळ हिवाळ्याचा, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्या मिठाने चेन, बोल्ट, चासी सगळं गंजतं, म्हणून लोक गाडी सरळ गॅरेजात लावून टाकतात. ठाणे-नवी मुंबईत हिवाळा म्हणजे उलट गाडी बाहेर काढायचे दिवस, दसरा झाला की कोणी माळशेजला निघतं, कोणी कोकणात, आणि पहाटे घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत नुसतं चहासाठी जाऊन येणारेही असतात. आपला ऑफ-सीझन पावसाळा. हवामान खात्याने २०२० मध्ये बदललेल्या तारखांप्रमाणे मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो, ठाण्याला तोच हिशोब धरायचा, म्हणजे चार महिने झाले.

यामुळे बाहेरच्या देशातला हिवाळ्याचा सल्ला इथे जसाच्या तसा लावला की गडबड होते. तिकडे चिंता असते की रेडिएटरमधलं पाणी गोठेल, इथे कूलंट हवं ते इंजिन तापू नये आणि आतून गंजू नये म्हणून. तिकडे थंडीत उभी राहिलेली बॅटरी हळू उतरते, आपल्याकडे उकाडा असतो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, त्यामुळे इथे चार्जिंगकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. शिवाय तिकडे बंद गॅरेज असतं आणि इथे बहुतेकांच्या नशिबी सोसायटीचं उघडं पार्किंग किंवा बिल्डिंगखालची जागा, जिथे जोराचा पाऊस झाला की घोटाभर पाणी साचतंच. सगळ्याचं मूळ एकच, ओल. आणि ओल चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला जास्त खाते, हे लोकांना पटतच नाही, पण मी तरी असंच बघत आलोय.

पेट्रोलच्या टाकीचंच बघा. टाकीच्या झाकणाभोवती जी खोलगट जागा असते तिथे पडलेलं पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं, त्याला खाली नळी जोडलेली असते आणि ती इंजिनाच्या बाजूने जमिनीकडे निघते. ही नळी तुंबली की पाणी झाकणाच्या रबरावर साचून राहतं आणि रबर जुनं असेल तर थेंब थेंब टाकीत उतरतं. माझी कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली, गाडी एका पावसाळ्यात कळव्यात बिल्डिंगच्या मागे दोन महिने उघड्यावर उभी होती, गणपतीच्या आधी काढायला गेलो तर किक मारून मारून पाय दुखायला लागला तरी चालू होईना. मेकॅनिककाकांनी कॉकची, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची, नळी काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल घेतलं, बाटली कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाले, "थांब जरा, आता बघ." दोन मिनिटांत खाली गढूळ थर बसला, त्यावर पेट्रोल तरंगतंय असं स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी झाकण उघडून ते भोक दाखवलं, कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकलं होतं. जुन्या क्लच केबलची एक तार त्यात घातली, माती निघाली, एवढंच काम. तेव्हापासून मे महिन्यात मी पहिलं ते भोक बघतो, वरून कपभर पाणी ओतायचं आणि खालून पडतंय का ते बघायचं, बस.

आता हे जास्त महत्त्वाचं झालंय कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात मुरवून घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाला बसतात, आणि कॉक किंवा इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पंप पेट्रोल ओढतो ते तळातूनच. महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, आत हवा कमी राहते, पत्रा कमी गंजतो. कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करायचा आणि त्याच्या वाटीत साठलेलं पेट्रोल काढून टाकायचं, नाहीतर ते उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, बसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर जवळपास सगळ्या नवीन बाईक इंजेक्शनवर गेल्या, त्यांच्यात हा त्रास नाही, पण त्यांना बॅटरीशिवाय चालत नाही.

बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली आली की चार्ज करायची. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी ठेवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. फार दिवस बाहेरगावी जाणार असाल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, टर्मिनलला जरासं व्हॅसलिन लावा.

रोज सकाळी खाली जाऊन दोन मिनिटं गाडी चालू ठेवायची आणि बंद करायची, हा आपल्याकडचा फार लाडका उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ती वाफ बाहेर जाते, दोन मिनिटांत तापत नाहीत, मग ती आतच थंड होऊन साचते, सायलेन्सर आतून कुजतो, ऑईलमध्ये ओल जाते आणि सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेलं परत भरूनही निघत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा उघडीप बघून वीसेक मिनिटं चालवून आणा, पाम बीच रोडला एक चक्कर पुरे. पण घरी आल्यावर पाणी मारा, कारण खाडीकडून येणारी हवा खारी असते आणि वाशी, नेरुळ, बेलापूरच्या गाड्यांचे स्पोक आणि बोल्ट आतल्या भागातल्या गाड्यांपेक्षा लवकर लाल होतात.

चेन ओली ठेवू नये. रॉकेल किंवा डिझेल लावून मऊ ब्रशने धुवायची, पुसायची, मग चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑईल. तारेचा ब्रश वापरू नका, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग फाटतात. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात, गाडी ढकलली तरी चाक जाम. क्लच प्लेटही अशाच चिकटतात, क्लच दाबून गिअर टाकला तरी गाडी झटका देऊन बंद पडते. कव्हर घालायचं तर कापडाचं, हवा खेळणारं. प्लास्टिकच्या कव्हरखाली सीटवर आठवड्यात बुरशी येते. उंदीर वायरी कुरतडतात, त्यासाठी सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्याजवळ अधूनमधून टॉर्च मारून बघत जा. आणि पार्किंगमध्ये सायलेन्सर बुडेल एवढं पाणी चढलं असेल तर सेल्फ मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, आधी प्लग काढून मेकॅनिकला दाखवा.

आता बदल, म्हणजे अपग्रेड. गाडी उभीच आहे तर हे काम याच दिवसांत काढावं, दसऱ्याच्या आधी गॅरेजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. बहुतेक पोरं सुरुवात सायलेन्सर आणि लाईटपासून करतात, माझ्या मते सुरुवात टायरपासून करावी. पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, मुंब्रा बायपासवर कंटेनरने सांडलेलं ऑईल, यावर गाडी टायर धरून ठेवतो, दुसरं काही नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. त्यानंतर ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑईल, तेही हवेतली ओल ओढतं म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. खड्ड्यांनी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, आणि पुढच्या फोर्कचे ऑईल सील जातात, हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मधेच अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला समजायचं. जादा लाईट लावायचे तर रिले (लाईटचा करंट बटणातून न जाता ज्यातून जातो तो स्विच) आणि फ्यूज टाकूनच, वायर कापून नुसती टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मोटार वाहन कायद्यात बसत नाही, कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचना बदलणारा फेरफार करता येत नाही, आणि तीन हात नाक्यावर अडवलं की वाद घालून काही होत नाही.

पाऊस ओसरला की ऑईल बदलायचं, ते कमी किलोमीटर चाललेलं असलं तरी. काढलेलं ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. टायरची हवा भरा, पीयूसीची तारीख बघा. खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा होतेच, पण हार चाकात किंवा हेडलाईटवर येणार नाही असा बांधा, आणि पूजेनंतर लगेच हायवेला न जाता आधी सोसायटीच्या आवारात दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक मारा. डिस्कवर बसलेला गंज तेवढ्यात घासून निघतो, सुरुवातीला करकर आवाज येतो, तो थांबला की मग गेटबाहेर पडा.