थंडीत ड्रोन उडवणाऱ्या नाशिकच्या स्वयंसेवकांसाठी: नोंदणी, पात्रता, कागदपत्रं आणि सकाळची खबरदारी

डिसेंबरात हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी या गडांवर शनिवार-रविवारी गर्दी असते आणि अंधारही लवकर पडतो. कुणी वाट चुकलं की शोधाला जाणाऱ्या गटांचे फोन वाजतात. हल्ली पहिला प्रश्न असतो, ‘ड्रोन आहे का?’ तो उडवायची परवानगी आहे का, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. ड्रोन नियम, २०२१ मध्ये स्वयंसेवकांसाठी वेगळी सवलत नाही. त्यामुळे कागदपत्रं फोन येण्याआधीच तयार हवीत. दिवाळीनंतरचा पंधरवडा या कामाला द्या, असं मी गटात दरवर्षी सांगतो.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. बॅटरी, कॅमेरा आणि जे काही लटकवून न्यायचं ते सगळं धरून वजन बघायचं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, पुढे २५ किलोपर्यंत स्मॉल. आपलं सगळं गणित २ किलोच्या रेषेवर ठरतं. मायक्रो ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी उडवत असाल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण त्याच गटाने लग्नाचं किंवा द्राक्षबागेचं चित्रीकरण पैसे घेऊन केलं, तर ते काम व्यावसायिक झालं आणि सर्टिफिकेट लागलंच. अडकलेल्या माणसापर्यंत पाणी-औषध पोचवणारा ड्रोन तर सहज २ किलोच्या वर जातो. म्हणून गटातल्या निदान दोघांनी सर्टिफिकेट काढावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणीतून मात्र सुटका नाही. डीजीसीएच्या (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या) ऑनलाइन पोर्टलवर डी-२ अर्ज भरायचा, १०० रुपये शुल्क भरायचं, की ड्रोनचा यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो. तो गाडीच्या नंबरसारखा समजा. अर्जात मालकाची माहिती, ड्रोनचा अनुक्रमांक, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूल (ड्रोनमधला नियंत्रण करणारा भाग) आणि रिमोट स्टेशन (हातातलं रिमोट) यांचे क्रमांक आणि त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेलला मान्यता असल्याचा दाखला, लागतं. इथेच बहुतेक लोक अडकतात. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. कुणी परदेशातून आणलेला ड्रोन स्वस्तात देऊ केला तर मोहात पडू नका, त्याची नोंदणी होणार नाही. टाइप सर्टिफिकेट असलेलंच मॉडेल घ्या आणि जीएसटीचं बिल जपून ठेवा. जुना ड्रोन विकत किंवा देणगीत मिळाला तर तो आपल्या नावावर करून घ्यायचा, त्यासाठी डी-३ अर्ज असतो. दुरुस्तीत कंट्रोल मॉड्यूल बदललं तर नवा क्रमांक ७ दिवसांत पोर्टलवर चढवावा लागतो. हे आमच्याकडून एकदा राहून गेलं होतं. आता दुरुस्तीच्या पावतीवरच तारखेला गोल करून ठेवतो.

सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी पास. डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतच कोर्स आणि परीक्षा होते. सोबत न्यायची कागदपत्रं म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा सरकारी पुरावा. पूर्वी पासपोर्ट लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. गावाकडच्या पोरांसाठी ही मोठी सोय झाली. डॉक्टरांचा फिटनेस दाखला संस्था मागतात, तो आधीच काढून न्या. सर्टिफिकेटचं शुल्क १०० रुपये, मुदत १० वर्षं. खरा खर्च कोर्सच्या फीचा असतो. संस्था निवडण्यापूर्वी तिची मान्यता चालू आहे का आणि तुमच्या वजनगटाची आहे का, हे डीजीसीएच्या यादीत पाहून घ्या. नॅनो सोडून सगळ्या ड्रोनना तिसऱ्या व्यक्तीचा विमाही (दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) लागतो.

आता नकाशा. नाशिकमध्ये कुठूनही उडवायला मोकळीक नाही. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, देवळालीला तोफखाना आणि हवाई दल, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, एकलहऱ्याला वीजकेंद्र. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. नकाशा बदलत असतो, म्हणून त्या दिवशीचा पाहायचा, मागच्या रविवारचा नाही. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादी जागा एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरती लाल जाहीर करू शकतो. सिंहस्थाच्या काळात त्र्यंबकेश्वर आणि गोदाघाटावर हे लक्षात असू द्या. शोधमोहिमेला जाताना आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला आणि जिल्हा आपत्ती कक्षाला (१०७७) कळवूनच निघा. शहर आयुक्तालयाची हद्द कुठे संपते आणि ग्रामीण पोलिसांची कुठे सुरू होते, हेही आधी माहीत हवं.

हिवाळ्यात वनखात्याचाही विचार करावा लागतो. नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी याच दिवसांत असतात आणि अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांची घरटी. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन काढू नका.

थंडीचा पहिला फटका बॅटरीला बसतो. लिथियम पॉलिमर बॅटरी गार पडली की तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि भार येताच व्होल्टेज झपाट्याने खाली येतं. निफाडला पारा ५-६ अंशांवर असताना आमच्या एका ड्रोनची बॅटरी जमिनीवर पूर्ण भरलेली दिसत होती. उड्डाणानंतर तिसऱ्याच मिनिटाला इशारा वाजला. ड्रोन शेतात उतरला, कुणाला लागलं नाही, पण पोटात गोळा आला. तेव्हापासून बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत नेतो. उडाल्यावर मिनिटभर समोरच तरंगत ठेवतो आणि ३० टक्के उरले की परत बोलावतो.

दुसरं धुकं. गंगापूर धरणाच्या पाण्यावर आणि गोदाकाठी पहाटे ते दाट असतं. त्यात द्राक्षबागा थंडीपासून वाचवायला शेतकरी शेकोट्या करतात, तो धूर खालीच रेंगाळतो. ड्रोन डोळ्यांना सतत दिसला पाहिजे हा नियमच आहे. त्यामुळे धुक्यात उड्डाण नाही, माणूस हरवला असला तरी नाही. तोवर पायी शोध सुरू ठेवायचा. पात्यांवर दव असेल तर कोरड्या कापडाने पुसायचं. हेलिकॉप्टरचा आवाज आला की लगेच खाली, कारण माणसं असलेल्या विमानाला वाट द्यायची जबाबदारी आपली आहे. अपघात झालाच तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवायचं.

आणि संक्रांत. येवल्यात आसाऱ्या (पतंगाच्या मांजाच्या फिरक्या) फिरायला लागल्या की आभाळभर मांजा असतो, आणि पात्यात अडकलेला धागा ड्रोन थेट गर्दीवर आणतो. भोगी, संक्रांत आणि कर, या तीन दिवसांत गावठाणाच्या जवळपास आम्ही ड्रोनची पेटी उघडतच नाही.